इंदूरात रजिस्टर लग्न करायचंय? आधी तारखा मोजा

परवा रामबागेतल्या एका काकूंचा फोन आला. मुलीने मुलगा पसंत केलाय, पंजाबी आहे, दोन्ही घरं राजी आहेत पण लग्न कोणाच्या पद्धतीने यावर गाडी अडलीय, म्हणून मुलं म्हणतायत कोर्ट मॅरेज करून टाकू, तर बाबा तुला माहितीय ना सगळं, सांग काय काय लागतं. असे फोन मला वर्षातून तीन-चार येतातच. आमचं स्वतःचं लग्न असंच झालं, मी इंदूरचा, बायको रतलामची, ख्रिश्चन, आणि त्यानंतर चार लग्नांत मी साक्षीदार म्हणून सही केलीय. दर वेळी फोनवर तासभर बोलण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो.

सगळ्यात आधी नावाचा घोळ. आपण ज्याला कोर्ट मॅरेज म्हणतो त्यात कोर्ट नसतं, जज नसतो, वकील लागतोच असंही नाही. हे लग्न होतं १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे स्पेशल मॅरेज ॲक्ट, आणि ते लावतो विवाह अधिकारी. इंदूरात हे काम कलेक्टर ऑफिसात, मोती तबेल्याला, अपर कलेक्टरांकडे असतं. दुसरी गोष्ट म्हणजे घरी भटजी बोलावून, सप्तपदी करून झालेल्या लग्नाची नगर निगममध्ये नोंद करणं, ती फक्त नोंद आहे, लग्न आधीच लागलेलं असतं. आणि तिसरी गोष्ट, जिच्यापायी पोरं फसतात, ती म्हणजे 'एका दिवसात कोर्ट मॅरेज' असं सांगून स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर सह्या घेणारे लोक. तो कागद म्हणजे लग्न नव्हे. एप्रिल २०२४मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की हिंदू लग्नात विधीच झाला नसेल तर नुसत्या सर्टिफिकेटने लग्न होत नाही. विशेष विवाह कायद्यात एका दिवसाचा रस्ता नाहीच, तीस दिवसांची नोटीस लागते म्हणजे लागतेच. कोणी म्हणालं 'भिया, आज पैसे द्या उद्या लग्न', तर तिथून उठून या.

कायदा काय मागतो ते खरं तर फार थोडं आहे. मुलगा २१ पूर्ण, मुलगी १८ पूर्ण. दोघांपैकी कोणाचंही आधीचं लग्न चालू नको, म्हणजे घटस्फोट झालेला असेल तर त्याच्या निकालाची सर्टिफाइड कॉपी आणि अपिलाची मुदत संपलेली, जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला. दोघं स्वतःच्या मर्जीने हो म्हणू शकतील अशा मनःस्थितीत पाहिजेत. आणि नात्याने जवळचे नकोत. आईवडिलांची परवानगी कुठेही लिहिलेली नाही, धर्म बदलायची तर गरजच नाही, दोघं आपापल्या धर्मात राहून लग्न करतात, तोच या कायद्याचा सगळा अर्थ आहे. १८७२चा जो जुना कायदा होता त्यात लग्न करणाऱ्यांना आम्ही हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिश्चन नाही असं लिहून द्यावं लागायचं, आपल्या सागरचे डॉ. हरिसिंह गौर यांनी खटपट करून १९२३मध्ये हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांच्या आपसातल्या लग्नापुरती ती अट काढायला लावली, आणि १९५४मध्ये ती सगळ्यांसाठीच गेली. ज्या माणसाला आपण फक्त सागर युनिव्हर्सिटीमुळे ओळखतो त्याचं हे काम मला फार मोठं वाटतं.

नात्याचं जरा थांबून सांगतो कारण यात मराठी घरंच अडकतात. आपल्याकडे मामाची मुलगी करायची चाल बऱ्याच घरांत आहे, कोणाला त्यात वावगं वाटत नाही. पण विशेष विवाह कायद्याच्या मागे जी यादी जोडलेली आहे तिच्यात चुलत, आते, मावस, मामे ही चारही भावंडं वर्ज्य आहेत. चालरीत असेल तर सूट आहे, पण ती चाल राज्य सरकारने राजपत्रात जाहीर केलेली असावी लागते, 'आमच्यात चालतं हो' एवढं पुरत नाही. तेव्हा आते-मामे भावंडांचं जमलं असेल तर सरळ विधी करून हिंदू विवाह कायद्याखाली लग्न करा, तिथे रूढीला जागा आहे. एका घरात हे कळलं तेव्हा नोटीस भरून झाली होती, उगाच दीड महिना गेला.

आता मुख्य, तारखा. मी सगळ्यांना हेच सांगतो की कागद होतात जमा, चुकतात त्या तारखा.

पहिले तीस दिवस राहण्याचे. दोघांपैकी निदान एकजण नोटीस द्यायच्या आधी लागोपाठ तीस दिवस त्या जिल्ह्यात राहत असला पाहिजे. मुलगी पुण्यात नोकरीला, मुलगा बेंगळुरूला, आणि दोघांची घरं इंदूरला, अशी जोडी दिवाळीत चार दिवस येऊन नोटीस टाकतो म्हणते, तसं होत नाही, एकाला तरी महिनाभर घरी येऊन राहावं लागेल, नाहीतर पुण्यातच किंवा बेंगळुरूतच करा, तिथेही हाच कायदा आहे.

दुसरे तीस दिवस नोटिशीचे. दोघांच्या सहीने ठरलेल्या नमुन्यात नोटीस द्यायची, ती रजिस्टरमध्ये चढते आणि एक प्रत ऑफिसात दिसेल अशा जागी लावतात. लावल्या दिवसापासून तीस दिवस हरकत घ्यायला. तीस दिवसांत कोणी आलं नाही की लग्न लावता येतं.

आणि तिसरी मोजणी उलट बाजूने चालू असते, नोटीस दिल्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लागलं नाही तर नोटीस बाद, पुन्हा पहिल्यापासून. आता बघा, तीस दिवस मोजायचे नोटीस लागल्यापासून, तीन महिने मोजायचे नोटीस दिल्यापासून. या दोन तारखा एकच असतील असं धरून चालू नका. कागद टेबलावर आठवडाभर राहिला तर तुमचा एक आठवडा इकडून गेला आणि तिकडून वाढला नाही. म्हणून नोटीस दिल्यावर दोन-तीन दिवसांनी जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बोर्डावर बघा, लागलीय का, कोणत्या तारखेची, आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. उदाहरणार्थ २ जूनला दिली आणि ५ जूनला लागली तर ५ जुलैनंतरची तारीख मागा, आणि काहीही झालं तरी २ सप्टेंबरच्या आत उरकायला हवं. मध्ये अधिकाऱ्यांची इलेक्शन ड्युटी, सुट्ट्या, पितृपक्षावरून घरची कुरकुर, हे सगळं धरून मी तर म्हणतो चाळिसाव्या दिवसाची तारीख घ्या, अगदी शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. हरकत आली आणि तिच्या चौकशीत वेळ गेला तर तो या तीन महिन्यांतून वजा होत नाही, प्रकरण अपिलात गेलं तरच तीन महिने अपिलाच्या निकालापासून मोजतात.

अजून एक. जोडीदाराचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर नोटिशीची प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही लागते. आमची रतलामला गेली होती. हिने घरी सांगितलं नव्हतं, म्हणजे सांगणार होती, नाताळच्या सुट्टीत समोर बसून नीट सांगायचं असं ठरलं होतं. त्याआधीच तिच्या काकांच्या ओळखीच्या कोणीतरी बोर्डावर नाव वाचलं. सासऱ्यांना मुलीच्या लग्नाची बातमी भावाकडून कळली. पुढे सगळं सुरळीत झालं, आज ते आमच्याकडे राहायला येतात, पण त्या दिवशी फोनवर त्यांचा जो आवाज होता तो मी विसरलेलो नाही, त्यांना राग लग्नाचा नव्हताच, आपल्याला शेवटी कळलं याचा होता. तेव्हा घरात जिवाला धोका नसेल तर नोटीस लागण्याच्या आधी सांगा, आधीच्या रात्री का होईना.

आणि धोका असेल तर? तर एकट्याने शूर होऊ नका. सज्ञान मुलामुलींच्या लग्नाला कोणी धमकावत असेल तर पोलिसांनी संरक्षण द्यायचं असं सुप्रीम कोर्टाने २००६मध्ये लता सिंह प्रकरणात सांगितलंय, २०१८च्या शक्ती वाहिनी निकालात तर जिल्ह्याजिल्ह्यात त्यासाठी विशेष सेल आणि सुरक्षित घरं ठेवायला सांगितलीत. एसपी किंवा पोलीस कमिश्नर ऑफिसात लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या, त्यावर काही हाललं नाही तर इंदूरलाच हायकोर्टाची बेंच आहे, तिथे संरक्षणासाठी याचिका करता येते. इथे मात्र वकील पाहिजे. तीस दिवस नाव बोर्डावर टांगून ठेवायची ही अट मला स्वतःला पटत नाही, ज्यांना सगळ्यात जास्त आडोसा हवा त्यांचाच पत्ता ती चव्हाट्यावर आणते. अलाहाबाद हायकोर्टाने जानेवारी २०२१मध्ये म्हटलं की नोटीस लावायची की नाही ते जोडप्याने ठरवावं, पण तो निकाल उत्तर प्रदेशचा, आपल्याकडे लागते असं धरूनच तयारी करा.

हरकतीला लोक फार घाबरतात. हरकत कोणीही घेऊ शकतो हे खरं, पण ती फक्त वर सांगितलेल्या अटींवरच चालते, म्हणजे वय कमी आहे, आधीचं लग्न चालू आहे, नातं वर्ज्य आहे, संमती देण्याची मनःस्थिती नाही. 'आमची जात वेगळी', 'आम्हाला विचारलं नाही', 'समाजात नाक कापलं गेलं' यातलं काहीही हरकत होत नाही. अधिकाऱ्याने तीस दिवसांत चौकशी करून निर्णय द्यायचा असतो, त्याने नाही म्हटलं तर तीस दिवसांत जिल्हा कोर्टात अपील आहे. आणि हरकत खोडसाळ निघाली तर घेणाऱ्याला हजार रुपयांपर्यंत भरपाई लावता येते, रक्कम १९५४ची आहे, आज तिला कोणी भीत नाही.

कागद. दोघांचे पासपोर्ट साइझ फोटो, जरा जास्तच काढून ठेवा. जन्मतारखेसाठी दहावीची मार्कशीट किंवा जन्माचा दाखला किंवा पासपोर्ट. पत्त्यासाठी आधार, व्होटर कार्ड, भाड्याने राहत असाल तर करारनामा. दोघांचं वेगवेगळं शपथपत्र, त्यात जन्मतारीख, अविवाहित की घटस्फोटित की विधुर-विधवा, आपसात वर्ज्य नातं नाही, भारताचे नागरिक आहोत, हे सगळं. साक्षीदार तीन, दोन नाही, तिघांचे ओळखपत्र आणि फोटो. फॉर्म खिडकीवर द्यायचा की ऑनलाइन भरायचा, फी किती, हे बदलत राहतं म्हणून मी लिहीत नाही, एकदा सकाळी जाऊन विचारून या आणि यादी लिहूनच आणा. मागे एका ऑफिसात एका बाबूने आमच्या मित्राला सांगितलं होतं की आईवडिलांना आणल्याशिवाय फॉर्म घेणार नाही. असं झालं तर भांडू नका, 'साहेब, हे लेखी द्या' एवढंच शांतपणे म्हणा. तिथे तेवढ्यावर काम झालं.

पण खरी अडचण नावाची, आणि ती आपल्या मराठी लोकांना हमखास येते. आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तीन तुकड्यांत लिहितो, इथल्या शाळांनी मार्कशीटवर फक्त नाव-आडनाव घातलेलं असतं, वडिलांचं नाव खाली वेगळं. मग आधारवर तीन शब्द, मार्कशीटवर दोन, पासपोर्टवर मधलं नाव कुठल्या रकान्यात गेलं देव जाणे. वर हिंदीतून इंग्रजीत जाताना आडनावाचं स्पेलिंग बदलतं, माझ्या मार्कशीटवर एक आणि पॅनवर दुसरं होतं. नोटीस देण्याच्या महिनाभर आधी सगळे कागद टेबलावर पसरा, बोट ठेवून एकेक अक्षर जुळवा, बदल असेल तर आधार दुरुस्त करून घ्या किंवा दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं शपथपत्र करा. हे नंतर करू म्हणालात तर सर्टिफिकेटवर चूक बसते आणि मग दुरुस्तीला चपला झिजतात. मुलीने आडनाव बदलायलाच हवं असंही काही नाही, कायदा त्याबद्दल बोलत नाही, हिने बदललं नाही.

साक्षीदार कोण घ्यावेत? कायद्याला कोणीही चालतात. मी म्हणेन असे घ्या जे ठरलेल्या दिवशी नक्की येतील आणि दहा वर्षांनीही तुमच्या ओळखीचे असतील. आमच्या वेळी तिसरा मित्र उज्जैनहून येताना अडकला आणि आम्ही दीड तास व्हरांड्यात उभे, तेव्हापासून मी चौथा माणूस ओळखपत्रासकट सोबत ठेवायला सांगतो.

आता तो दिवस. आधी घोषणापत्रावर दोघांच्या आणि तीन साक्षीदारांच्या सह्या होतात, अधिकारी सही करतो. मग कायद्याने बंधनकारक असलेली एकच गोष्ट उरते, दोघांनी अधिकारी आणि साक्षीदारांसमोर एकमेकांना म्हणायचं की मी अमुक तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून, पती म्हणून स्वीकारते, स्वीकारतो. दोघांना समजते अशा कुठल्याही भाषेत. हे फार जणांना माहीत नसतं, तिथे छापील हिंदी किंवा इंग्रजी वाक्य पुढे करतात आणि लोक ते वाचून टाकतात. मी आधीच विचारून ठेवलं होतं, मी मराठीत म्हणालो. ही सहा महिने माझ्याकडून मराठी शिकत होती, तिनेही मराठीत म्हटलं, 'स्वीकारते'मधला 'स्वी' तिला जड जायचा, ती तिथे अडखळली, थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून पूर्ण वाक्य म्हणाली. माझी आजी खुर्चीवर बसून होती. तिने पदराच्या गाठीत अक्षता बांधून आणल्या होत्या, शेवटची सही झाल्यावर तिने ती गाठ सोडली आणि आमच्या डोक्यावर टाकल्या, दोन-चार दाणे रजिस्टरवर पडले ते साहेबांनी हाताने बाजूला केले, काही बोलले नाहीत.

तर ज्यांना वाटतं की रजिस्टर लग्न म्हणजे विधी सोडून द्यायचे, त्यांना सांगा की कायदा स्वतःच म्हणतो लग्न कुठल्याही पद्धतीने लावा, फक्त ते एक वाक्य झालं पाहिजे. जास्तीची फी भरून अधिकाऱ्याला जवळपासच्या दुसऱ्या जागी बोलावायचीही सोय कायद्यात आहे, तो येईल का हे आधी विचारून ठेवा. रामबागेच्या काकूंना मी हेच सांगितलं, अंतरपाट धरा, फेरे घ्या, दोन्ही करा, आणि वाक्य मध्ये बसवा. आधीच विधी करून लग्न झालं असेल तरी याच कायद्याखाली नंतर नोंद करता येते, त्याला दोघंही २१ पूर्ण लागतात आणि तीस दिवसांची नोटीस तिथेही आहे.

वारसाचं एक वाक्यात सांगतो. दोघं हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांपैकी असाल तर वारसा हक्काचा कायदा बदलत नाही. दोघांपैकी एकजण वेगळ्या धर्माचा असेल तर पुढचा वारसा १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने चालतो आणि हिंदू एकत्र कुटुंबातला माणूस कायद्याने विभक्त धरला जातो, त्याचा हिस्सा मात्र जात नाही. वडिलोपार्जित वाडा-जमीन असेल तर लग्नाआधी वकिलाशी अर्धा तास बोला.

हल्ली अजून एक प्रश्न येतो, ज्यांची मुलं इंग्लंडात आहेत ते विचारतात की तिकडे सिव्हिल पार्टनरशिप, म्हणजे लग्न न म्हणता जोडीच्या नात्याची कायदेशीर नोंद, असते तसं इथे काही आहे का. नाही. तिकडे २००४च्या कायद्याने ती आली, डिसेंबर २००५पासून सुरू झाली, आधी फक्त समलिंगी जोड्यांसाठी होती, इंग्लंड-वेल्समध्ये २०१९च्या ३१ डिसेंबरपासून स्त्री-पुरुषांनाही खुली झाली. रजिस्टर ऑफिसात नोटीस, २८ दिवस वाट बघायची, मग दोन साक्षीदारांसमोर सह्या, तोंडाने काही म्हणायचीही सक्ती नाही. आपल्याकडे लग्न किंवा काहीच नाही, अशी स्थिती आहे.

आणि हे 'काहीच नाही' ज्यांच्या वाट्याला येतं ते आपल्याच गल्लीत राहतात. माझ्या ओळखीच्या दोघी जणी अकरा वर्षं एकत्र राहतायत. १७ ऑक्टोबर २०२३ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की समलिंगी लग्नाचा हक्क सध्याच्या कायद्यात नाही, तो द्यायचा की नाही ते संसदेने ठरवावं, सिव्हिल युनियनही मिळाली नाही. त्याच निकालात ट्रान्सजेंडर व्यक्तींना स्त्री-पुरुष नात्यात चालू कायद्यांखाली लग्न करता येतं हे मात्र मान्य झालं. त्या दोघींनी वकिलाकडे बसून जे केलं ते इतरांनाही करता येईल: एकमेकींच्या नावे रजिस्टर्ड मृत्युपत्र, घराच्या खरेदीखतावर दोघींची नावं, बँकेत जॉइंट खातं आणि नॉमिनी. यासाठी अर्थ मंत्रालयाचं २८ ऑगस्ट २०२४चं पत्रक आहे की समलिंगी जोडीदाराला जॉइंट खातं उघडायला आणि नॉमिनी व्हायला मनाई नाही, बँकेत कोणी का-कू केलं तर ते प्रिंट काढून दाखवा. लग्नाची बरोबरी याने होत नाही, पण आजारपणात, मरणात दारात उभं राहता येतं.

सर्टिफिकेट हातात आलं की तिथेच उभं राहून वाचा, नावं, तारखा, पत्ते, साक्षीदार, सगळं. हे सर्टिफिकेट म्हणजे लग्नाचा निर्णायक पुरावा, त्यापुढे फोटो, पत्रिका कशाची गरज नाही. दोन-तीन सर्टिफाइड कॉप्या काढून ठेवा. मग समग्र आयडीत (आपल्या मध्य प्रदेश सरकारची कुटुंबाची नोंद) जोडीदाराचं नाव, बँकेत आणि पीएफमध्ये नॉमिनी, पासपोर्टवर जोडीदाराचं नाव, हे पहिल्या महिन्यातच करून घ्या, नंतर राहून जातं. आणि मूळ कागदाला लॅमिनेशन करू नका, परदेशी जायची वेळ आली की त्यावर शिक्के घ्यावे लागतात आणि प्लास्टिकवर शिक्का बसत नाही, साध्या फाइलमध्ये ठेवा, अक्षतांचे दाणे लागलेले असले तरी चालतील.